‘द क्रुसिबल’मधल्या शोकांतिकेला जबाबदार कोण?

प्रश्न:
आर्थर मिलरचं ‘द क्रुसिबल’ (१९५३) नुकतंच वाचून संपवलं. अमेरिकेतल्या सेलम गावातल्या १६९२च्या चेटकिणींच्या खटल्यांवरचं नाटक. आमच्या वाचनगटात सगळ्यांचं एकच म्हणणं: दोष ॲबिगेलचा, म्हणजे चेटकाचे आरोप करणाऱ्या मुलींच्या म्होरकीचा. तिला शेतकरी जॉन प्रॉक्टर हवा होता, त्याच्या बायकोचा काटा काढायचा होता, म्हणून तिने अख्खं गाव पेटवलं. मला हे पटत नाही, पण नेमकं का ते सांगता येत नाहीये.

प्रतिसाद १:
ॲबिगेलच. भावलीतली सुई आठवा. प्रॉक्टरची मोलकरीण मेरी वॉरेन भावली शिवताना सुई तिच्यातच खोचून ठेवते, ॲबिगेल ते शेजारी बसून पाहते आणि त्याच रात्री स्वतःच्या पोटात सुई खुपसून घेते. भावली प्रॉक्टरच्या घरी सापडते आणि आळ त्याच्या बायकोवर येतो. हा काही पोरखेळ नव्हे.

प्रतिसाद २:
मी या नाटकात एलिझाबेथ, म्हणजे प्रॉक्टरची बायको, केली आहे. तिसऱ्या अंकात मला कोर्टात आणतात तेव्हा नवरा पाठमोरा उभा असतो. त्याच्याकडे बघायचीही मनाई. ‘माझ्या डोळ्यांत बघ,’ न्यायाधीश डॅनफर्थ दरडावतो आणि विचारतो, तुझा नवरा व्यभिचारी आहे का? कधीही खोटं न बोलणारी ही बाई त्याची अब्रू राखायला ‘नाही’ म्हणते, आणि त्यानेच तो बुडतो, कारण ॲबिगेलशी संबंध होते हे त्याने आधीच कबूल केलेलं असतं. तालमीत त्या ‘नाही’नंतर माझे हात गार पडायचे. कित्येक दिवस मला वाटे, चूक हिचीच. मग उमगलं, की ही परीक्षा घेणारा वेगळाच आहे.

त्याच अंकातली एक जागा लोक पटकन ओलांडून जातात. एक्क्याण्णव गावकरी सही करून सांगतात की आरोप झालेल्या बायका सज्जन आहेत, आणि डॅनफर्थ त्या सगळ्यांवर वॉरंट काढायला लावतो. इथे ॲबिगेलने काय केलं? चौथ्या अंकात तर फाशी पुढे ढकला म्हटल्यावर तो म्हणतो, बारा जण आधीच लटकलेत, आता कोणाला माफी देता येणार नाही. आधीचे बारा चुकीचे ठरू नयेत म्हणून पुढचे मारायचे!

आणि खऱ्या सेलममध्ये ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची होती, प्रॉक्टर साठीचा. त्यांचं प्रकरण मिलरने रचलेलं. ते काढून टाकलं तरी १९ जणांना फाशी झालीच. ७१ वर्षांच्या रिबेका नर्सला ज्यूरीने आधी निर्दोष ठरवलं होतं. मुख्य न्यायाधीश स्टॉटनने फेरविचार करायला लावला आणि १९ जुलैला तिला फासावर चढवलं. चेटकाची कबुली दिली त्यांचा जीव वाचला, खरं बोलले ते गेले. हा नियम मुलींनी केला नव्हता.

प्रतिसाद ३:
डॅनफर्थबद्दल मान्य. पण गावातला जमीनदार पटनम कसा सुटतो? म्हातारा शेतकरी जाइल्स कोरी सरळ आरोप करतो की याचा डोळा शेजाऱ्याच्या जमिनीवर आहे. मला तर त्याचीच चीड जास्त येते.

प्रश्नकर्ता:
एक्क्याण्णव सह्यांची जागा पुन्हा काढून वाचली. रिबेकाचा नवरा फ्रान्सिस नर्सने त्या लोकांना शब्द दिला होता, तुम्हाला काही होणार नाही म्हणून. तिथून पुढे वाचवेना. पुढच्या बैठकीत आधी तेवढं पान मोठ्याने वाचणार आहे.