रि: हॉलबाहेर पडलेल्या भाड्याच्या सायकली (मंडळाची मेलिंग लिस्ट, सिंगापूर)

जुराँगकर:
मंडळी, रविवारी तालमीला आलेल्या पोरांनी सायकली हॉलच्या रॅम्पवरच टाकल्या होत्या, एका आजींची व्हीलचेअर वर न्यायला वाट नाही, आणि विचारलं तर उत्तर काय, "काका, सायकल कंपनी पाच डॉलर कापेल, कापू दे". कमिटीने बघावं जरा.

पुंगॉलकर:
काका, पाच डॉलर म्हणजे एक बबल टी, त्याचं त्यांना काय! पण पुढचं माहीत नसणार त्यांना. सायकल लावायच्या पिवळ्या चौकोनातला क्यूआर कोड स्कॅन न करता ट्रिप संपवली की ते पाच डॉलर, आणि वर्षात तीनदा असं केलं की महिनाभरापर्यंत बंदी बसू शकते, तीही लायसन्सवाल्या सगळ्याच कंपन्यांकडून. एक ॲप उडवून दुसरं घेतलं असं चालत नाही. रोज एमआरटी मेट्रोच्या स्टेशनपर्यंत पायपीट करायला लागली की येतील वळणावर.

टॅम्पिनीसकर:
पटलं ताई, पण नुसतं पोरांना काय बोलायचं? २०१७ मध्ये ओबाइक, ओफो, मोबाइक या कंपन्यांच्या सायकली इमारतींखालच्या मोकळ्या जागेत (व्हॉइड डेकमध्ये), गवतात, कुठेही पडलेल्या असायच्या, कारण कंपन्यांना फक्त आकडा वाढवायचा होता, उचलायला येतंय कोण. २०१८ मध्ये कायदा बदलला, एलटीएने, म्हणजे इथल्या वाहतूक प्राधिकरणाने, लायसन्स आणलं, कुणी किती सायकली ठेवायच्या ते ठरवून दिलं, नियम मोडला तर कंपनीला एक लाख डॉलरपर्यंत दंड नाहीतर सायकलीच कमी करायच्या. ओबाइकने तर जून २०१८ मध्येच गाशा गुंडाळला, लोकांचं ४९ डॉलरचं डिपॉझिट अडकवून. कंपनीच्या मानेवर जू आलं तेव्हा कुठे जानेवारी २०१९ पासून आपल्याला स्कॅन करायला लावलं. पुण्यात औंधला आणि विद्यापीठात डिसेंबर २०१७ मध्ये पेडल ही भाड्याच्या सायकलींची सेवा आली तेव्हा मला फार आशा होती, पण नुसत्या सायकली आणून सोडल्या की झालं असं असतं का? लावायची जागा, ती बघणारा माणूस, काहीतरी धाक नको का.

जुराँगकर:
ते सगळं खरं हो, पण हॉलजवळचा चौकोन संध्याकाळी भरलेला असतो त्याचं काय? पोरं म्हणतात तालमीला उशीर होतो.

पुंगॉलकर:
मग पुढच्या चौकोनात लावायची, दहा मिनिटं आधी निघायचं. रॅम्पवर नाहीच!

कार्यकारिणी:
बसस्टॉपमागे दुसरा चौकोन आहे, तालमीच्या मेलमध्ये नकाशा टाकतोय. बंदीचा नियमही टाकतो, ठळक अक्षरात. आणि कृपया मुलांची नावं इथे घेऊ नका, त्यांचे आईवडील लिस्टवर आहेत.