गोव्याचा १५९६ चा नकाशा हाताने रंगवायचाय: शाई फुटते, कौलांचा लाल बाहेर जातो

शाईदौत:
डच प्रवासी लिन्सखोटेनच्या 'इटिनेरारिओ' या प्रवासवर्णनातला गोवा शहराचा नकाशा मूळ मापात छापून जलरंगांनी रंगवतोय. कागद ३०० जीएसएमचा, कॉटनचा, गुळगुळीत. छपाई इंकजेटवर. तीन अडचणी आहेत. पाणी लागलं की काळ्या रेघा जांभळट होऊन पसरतात. कौलांचा लाल शेजारच्या झाडांच्या हिरव्यात शिरतो. मांडवीचं पाणी निळं केलं की तिथला कागद फुगून लाटा पडतात. शिवाय हिरवा कुठला घ्यावा? जुन्या प्रतींतला हिरवा ट्यूबमधून येतच नाही.

ताम्रपट:
रेघा जांभळट होतात म्हणजे प्रिंटरात डाय शाई (पाण्यात विरघळलेल्या रंगाची) आहे. ती पाण्यात विरघळतेच, कितीही वाळवा. पिगमेंट शाईवर (न विरघळणाऱ्या रंगकणांची) छापून घ्या आणि छापल्यावर २४ तास कागद तसाच ठेवा. मग कडेच्या पट्टीवर ओला कापूस घासून बघा. कापूस कोरा राहिला तरच कुंचला उचला. वरून फिक्सेटिव्हचा (शाई पक्की करणाऱ्या द्रवाचा) फवारा मारू नका, त्याने कागद पाणी झिडकारतो आणि रंगाचे थेंब थेंब होतात. 'इंकजेट कोटेड' कागदही नको. त्यावर रेघ सुरेख येते, पण वॉश (पातळ रंगाचा सपाट हात) डागाडागांचा बसतो.

माप आधीच बघून ठेवा. हा नकाशा साधारण ५५ × ८० सेंमी आहे आणि जलरंगाचा फुल शीट ५६ × ७६ चा. म्हणजे तो एका शीटवर बसतच नाही. रोलचा कागद आणि २४ इंची प्लॉटर (रोलवर छापणारा मोठा प्रिंटर) लागेल. ब्राउन आणि होगेनबर्गच्या शहरांच्या नकाशासंग्रहाच्या १५७२ च्या पहिल्या खंडातही गोवा आहे, पण तिथे एकाच पानावर चार शहरं दाटली आहेत. रंगवायला लिन्सखोटेनचाच चांगला.

स्कॅन शक्यतो न रंगवलेल्या प्रतीचा घ्या. रंगीत प्रतीच्या स्कॅनमधून रंग काढायला गेलात, तर फोटो-सॉफ्टवेअरच्या रेड चॅनलमध्ये (फक्त लाल प्रकाशाच्या करड्या प्रतीत) कौलं फिकट होतात, पण हिरवं काळवंडतं आणि झाडांखालच्या बारीक रेघा गिळल्या जातात. कागदाचा पिवळेपणाही त्याच सॉफ्टवेअरच्या लेव्हल्समध्ये (उजळ-गडद ठरवायच्या सोयीत) पांढरा करून टाका. नाहीतर प्रिंटर तो ठिपक्यांनी छापतो आणि त्यावर कुठलाच रंग उजळ दिसत नाही.

गेरू_आणि_हिंगूळ:
लाल बाहेर जाण्याचं कारण बहुधा कागदाचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या कागदाचं ते जातं. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. तो वर बसून राहिला तर कागद ठीक. लगेच शोषला जाऊन काळपट डाग पडला, तर कागदाला जिलेटिन द्यावं लागेल. १ लिटर गार पाण्यात २० ग्रॅम जिलेटिन अर्धा तास फुगू द्या, मग ५० अंशांपर्यंत कोमट करा. उकळलं की त्याची ताकद जाते. रुंद मऊ ब्रशने एक हात द्या आणि कागद टांगून वाळवा. जुने रंगारी तुरटीचं पाणी द्यायचे. ते काम करतं, पण तुरटीच्या आम्लाने कागद वर्षांनी ठिसूळ होतो, म्हणून ती टाळा.

आता रंग. त्या काळचा हिरवा म्हणजे जंगाल, तांब्याचा क्षार. तो कागद खातो. जुन्या पानाची पाठ पाहिली तर हिरव्याच्या जागी तपकिरी सावली उमटलेली असते, कधी कागद तिथेच तडकलेला असतो. त्यामुळे खरा जंगाल वापरूच नका. विरिडियन (पिगमेंट नंबर पीजी १८) चार भाग आणि निकेल अॅझो पिवळा (पीवाय १५०) एक भाग घ्या. तोच थंड, काचेसारखा हिरवा मिळतो. शेंदूरही नको, हवेतल्या गंधकाने काळा पडतो. कौलांना बर्न्ट सिएना, त्यात किंचित क्विनाक्रिडोन लाल. अॅलिझरिन क्रिमसन (पीआर ८३) उन्हात उडतो आणि कॅडमियमचे लाल रेघा झाकतात, म्हणून ट्यूबवरचा पिगमेंट नंबर वाचूनच घ्या.

रंग कोकम सरबताइतका पातळ हवा. दहा मिली रंगात डिंकाच्या (गम अरेबिक) पाण्याचे दोन थेंब घातले की कडा जागेवर राहते. आणि सगळ्यात महत्त्वाचं: तुम्ही सावली रंगवू नका. मूळ नकाशा तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला; कोरणाऱ्याने आडव्या-तिरप्या रेघांनी सावली आधीच दिलेली आहे. रंगाऱ्याचा एकच सपाट, पारदर्शक हात. छपराची उन्हाची बाजू असो की सावलीची, रंग तोच. खालच्या रेघाच ती गडद करतात. दुसरा थर दिला की नकाशा चित्रासारखा दिसायला लागतो. तिथेच तो बिघडतो.

शाईदौत:
थेंब लगेच शोषला गेला, म्हणजे जिलेटिन आलंच. आधी छापू की आधी साइझिंग? आणि मांडवीचं काय?

ताम्रपट:
आधी जिलेटिन, दोन दिवस वाळवण, मग छपाई.

मांडवी पूर्ण भरायचीच नाही. अशा नकाशांत पाण्याला बहुधा फक्त काठाने निळी कडा द्यायचे. दोन कुंचले घ्या, दोन्ही चार नंबरचे. एकाने किनाऱ्यालगत बोटभर लांब निळी रेघ ओढा, लगेच दुसऱ्या, स्वच्छ पाण्याच्या कुंचल्याने तिची बाहेरची कड नदीकडे ओढून विरवा. मग पुढची बोटभर. जहाजांभोवती हात थांबवा, शिडं कोरी राहू द्या. एवढ्याने कागद फुगत नाही. तरी लाट आलीच तर पाठीमागून हलका फवारा, दोन टीपकागदांत ठेवून वर फळी आणि वजन, २४ तास.

क्रम असा: आधी फिकट पिवळी शेतं, मग झाडं, मग पाणी, आणि कौलं अगदी शेवटी. लाल हिरव्याला लागला तर पुसता येत नाही. शेजारशेजारची घरं सलग रंगवू नका, एक सोडून एक घ्या. भिंती कोऱ्याच ठेवा.

नकाशीकाम:
एक राहिलं. जुना दिसावा म्हणून चहात बुडवू नका. चहाचं पाणी आम्लधर्मी आहे आणि आत्ताच दिलेलं जिलेटिनही सैल होतं. किंचित क्रीम रंगाचा कागदच विकत घ्या. अॅन्टवर्पच्या ऑर्टेलियस या प्रसिद्ध नकाशाकाराने धंद्याची सुरुवात १५४७ मध्ये नकाशे रंगवण्यापासून केली. त्या रंगाऱ्यांच्या हातात आलेला कागद नवा, उजळच असायचा. ती ताजी प्रतच तुमच्या टेबलावर यायला हवी.