मदत हवी आहे: ४० मीटर बँडवरची घरघर
नमस्कार मंडळी. ३५ वर्षं हॅम रेडिओ (हौशी बिनतारी संदेशवहन) करतोय, मोर्सची की अजूनही रोज हातात असते. पण गेले दोन महिने संध्याकाळ झाली की ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासच्या लहरींवर) एस-८ इतकी (सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या मीटरवर ८) घरघर सुरू होते आणि दूरची क्षीण स्टेशनं त्यात पार बुडून जातात. फार जीव तुटतो. अँटेना ७.१ मेगाहर्ट्‌झसाठी कापलेला, साधारण २० मीटर लांबीचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली तार). मेन स्विच बंद करून सेट बॅटरीवर चालवला, तर घरघर एस-३ वर येते. म्हणजे उगम घरातच! एलईडी दिव्यांच्या ड्रायव्हरवर (त्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटवर) माझा संशय आहे. कोॲक्सवर (अँटेनाच्या केबलवर) फेराइटचा चोक, म्हणजे केबलवरून येणारा गोंगाट अडवणारं कडं, बसवायचाय. तो डायपोलच्या मध्याशी हवा, की केबल घरात शिरते तिथे? कड्यातून केबलचे वेढे किती घेतलेत तुम्ही?