मदत हवी आहे : आईचा मुंबई-लंडन प्रवास

मंडळी, आई जानेवारीत पहिल्यांदाच एकटी ताईकडे लंडनला निघालीय. तिकिटावर दुपारी दीडला सुटून संध्याकाळी सहाला पोच. बाबा म्हणतात, "साडेचार तास? खानापूरहून पुण्याला जास्त लागतात की!" हिवाळ्यात तिथलं घड्याळ साडेपाच तास मागं, म्हणजे सुमारे ७,२०० किमीला १० तास, हे त्यांना कसंबसं पटवलंय. जाताना वारा समोरून, त्यामुळं परतीपेक्षा वेळ जास्तच.

खरी काळजी मुंबई गाठायची. बेळगावातून रात्रीची स्लीपर धरली तर पनवेल-सायनच्या गर्दीतून सकाळी दहापर्यंत विमानतळावर पोचू का? की आदल्या दिवशीच जावं? आईचे गुडघे दुखतात. व्हीलचेअर आधी नोंदवायची की काउंटरवर मागायची? अनुभव असलेल्यांनी सांगा की.