मदत हवी आहे: सूर्यघड्याळात रेखांशाची दुरुस्ती नेमकी कुठे करावी?

आडवं सूर्यघड्याळ आखतोय. जागा 71° पूर्व रेखांशावर, प्रमाणवेळ 75° पूर्वेची. अंशाला 4 मिनिटं, म्हणजे मध्यान्ह (सूर्य उत्तर-दक्षिण रेषेवर येतो ती वेळ) 16 मिनिटं उशिरा. हा फरक वर्षभर तोच. कालसमीकरण (खऱ्या सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ यांतला फरक) मात्र बदलतं: फेब्रुवारीच्या मध्यात आणखी 14 मिनिटं मिळवायची, नोव्हेंबरच्या सुरुवातीला 16 वजा. त्यामुळे मध्यान्ह एकदा 12:30 ला, तर एकदा जवळपास 12 लाच. (काही तक्त्यांत चिन्हं उलटी असतात, घोळ तिथेच होतो.)

ती रेखांशाची 16 मिनिटं तबकडीवरच्या तासरेषांतच धरू का? प्रत्येक तासकोनातून (मध्यान्हापासून सूर्य किती सरकला तो कोन, तासाला 15°) 4° वजा केले की 12 ची रेषा उत्तर-दक्षिण रेषेवरून सरकते, शंकू (सावली पाडणारा भाग) मात्र खऱ्या उत्तरेलाच राहतो. मग बसवताना दिशा कशावरून जुळवायची? की रेखांश आणि कालसमीकरण, दोन्ही दुरुस्त्या सोबतच्या तक्त्यातच बऱ्या?