मदत हवी आहे: बाबांच्या छातीत आयसीडी (हृदयाची लय धोक्याची झाली की आतूनच झटका देणारं यंत्र) आहे, हर्नियाच्या ऑपरेशनला ते बंद ठेवणार. परत चालू कसं होतं?

माडाखालची

नमस्कार मंडळी,

बाबा ६८ वर्षांचे, वीज मंडळातून लाइनमन म्हणून निवृत्त. दोन वर्षांपूर्वी मोठा हार्ट अटॅक आला, हृदयाचं पंपिंग २८ टक्क्यांवर उतरलं, म्हणून कोल्हापुरात डाव्या खांद्याखाली आयसीडी बसवलं. इतके दिवस त्याची आठवणही होत नव्हती. गेल्या महिन्यात परसात नारळ सोलताना झटका बसला. ते मटकन खाली बसले, दोन मिनिटांत उठलेही. तपासणीत कळलं की ठोके मिनिटाला २१४ वर गेले होते, यंत्राने आधी काहीतरी करून पाहिलं, मग झटका दिला.

म्हणजे त्याने जीव वाचवला. पण तेव्हापासून बाबा परसात पाऊल टाकत नाहीत, आंघोळीला जाताना कडी लावत नाहीत.

आता उजव्या जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन ठरलंय. सर्जन म्हणतात, वर मॅग्नेट ठेवू, काम झालं की काढू. भूलतज्ज्ञ बाई म्हणतात, कंपनीचा माणूस बोलावून प्रोग्रॅमरने (यंत्राची सेटिंग बाहेरून बदलणाऱ्या उपकरणाने) बंद करून घ्या. बाबा रात्री मला विचारतात, "बंद केलं आणि चालू करायचं राहिलं तर?" आयुष्यभर लाइन बंद करून खांबावर चढलेल्या माणसाचा प्रश्न आहे हा, त्याला मी काय उत्तर देऊ?

नुसतं ठोके बघत बसलेलं यंत्र झटक्यावर कसं येतं आणि परत बघण्यावर कसं जातं? मॅग्नेट काढला की आपोआप चालू होतं का? आणि आईची शंका: झटक्याच्या वेळी तिने त्यांना धरलेलं असलं तर तिलाही बसेल का?

डॉक्टरांना विचारणारच आहे. पण नेमकं काय विचारायचं ते आधी कळायला हवंय.

कॅथलॅबवाली

ताई, मी टेक्निशियन आहे, हीच यंत्रं रोज तपासते. बाबा लाइनमन आहेत म्हणून त्यांच्याच भाषेत सांगते.

यंत्रात वेगाची एक रेघ आखून दिलेली असते, समजा मिनिटाला १८८ किंवा २०० ठोके. दोन-चार ठोके तिच्यावर गेले तर यंत्र मोजतं, पण हलत नाही. शेवटच्या ४० ठोक्यांतले ३० वेगाचे निघाले, की मग ते धोका मानतं. (हे आकडे प्रत्येक रुग्णासाठी वेगळे ठेवता येतात.) त्यानंतर बहुतेकदा आधी एटीपी: चालू लयीपेक्षा जरा जास्त वेगाने आठेक बारीक पल्स. बऱ्याच वेळा तेवढ्यानेच लय जागेवर येते आणि रुग्णाला कळतही नाही. तुमच्या रिपोर्टमधलं "आधी काहीतरी करून पाहिलं" ते बहुधा हेच.

झटक्यासाठी मात्र कपॅसिटर भरावा लागतो. बॅटरी जेमतेम ३ व्होल्टची, तिच्यावरून ७००-८०० व्होल्टपर्यंत. पूर्ण भरायला ८-१० सेकंद जातात. भरल्यावर यंत्र साधारणपणे पुन्हा एकदा लय बघतं. ती सुधारली असेल तर झटका देतच नाही. नसेल तर ३५-४० ज्यूलपर्यंतचा झटका, आणि लगेच पुन्हा ठोके मोजायला सुरुवात. फरक पडला नाही तर पुढचा.

कॉटरी म्हणजे ऑपरेशनमध्ये विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं साधन. तिच्या विजेचा गोंगाट या यंत्राला फिब्रिलेशनसारखा (हृदयाच्या जीवघेण्या थरथरीसारखा) वाटू शकतो, म्हणून उपचार थांबवतात. मॅग्नेट ठेवला की झटके आणि एटीपी थांबतात, काढला की काही सेकंदांत आपोआप परत चालू. प्रोग्रॅमरने बंद केलं तर प्रोग्रॅमरनेच चालू करावं लागतं. बाबांची भीती खरी आहे ती इथे. तसं केलं तर चालू झाल्याचा कागद हातात आल्याशिवाय त्यांना मॉनिटरवरून हलवू देऊ नका. मधल्या वेळात छातीला बाहेरच्या डिफिब्रिलेटरचे (झटका देणाऱ्या यंत्राचे) पॅड लावलेले हवेत.

आणखी दोन गोष्टी विचारा. बेंबीच्या खालचं ऑपरेशन असेल आणि कॉटरीची प्लेट (करंट परत नेणारी) मांडीला किंवा नितंबाला लावली, तर करंट यंत्रापासून लांब राहतो, त्यामुळे कित्येकदा बंद ठेवायची गरजच पडत नाही. दुसरं, काही यंत्रांत मॅग्नेटला प्रतिसाद देणंच बंद करून ठेवता येतं. बाबांच्या यंत्रात ते कसं आहे, हे कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून लेखी घ्या.

आईंना सांगा, खुशाल धरा. फार तर हाताला मुंग्या येतील, इजा होत नाही.

आडवाट

वर सगळं आलंच आहे. माझ्या सासऱ्यांचं सांगतो. विहिरीच्या मोटरच्या स्टार्टरला ओला हात लागला, बारीक लीकेज होतं. आम्हाला ते कळलंही नसतं, पण यंत्राने त्या ५० हर्ट्झच्या गोंगाटाला फिब्रिलेशन समजून झटका दिला. हृदय एकदम ठीक होतं! नोंदीच्या पट्टीवर स्पष्ट दिसलं. घरातली अर्थिंग तपासून घ्या, मोटर आणि गिझर आधी. एक झटका बसून माणूस ठीक असेल तर डॉक्टरांना फोन, पण चोवीस तासांत दुसरा बसला किंवा एकाच झटक्यानंतर बरं वाटत नसेल तर थांबू नका, १०८.

माडाखालची

कॅथलॅबवाली ताई, तुमचं उत्तर बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. "भरल्यावर पुन्हा बघतं" हे तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "म्हणजे शहाणं आहे." आई रडली, पण बरं वाटून.

सर्जनना फोन केला. प्लेट मांडीला लावतील, कॉटरी थोडी थोडी वापरतील, मॅग्नेट हाताशी ठेवतील आणि गरज पडली तरच लावतील. भूलतज्ज्ञ बाईंनाही हे पटलं. मॅग्नेटबद्दलचं पत्र कोल्हापूरहून सोमवारी मिळेल.

आडवाट, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर बाबा टेस्टर आणि मल्टिमीटर घेऊन उठले. मी अडवलं, हात लावायचा नाही म्हटलं, वायरमनला बोलावलं. बाबा परसात खुर्ची टाकून तासभर त्याला सूचना देत बसले होते. मोटरच्या अर्थिंगची तार गंजून तुटलेली निघाली.

अजून एक विचारायचं राहिलं: घरी आल्यावर किती दिवसांनी यंत्र पुन्हा तपासून घ्यायचं?

कॅथलॅबवाली

कॉटरी वापरली असेल तर महिन्याच्या आत एकदा दाखवा. प्रोग्रॅम बदलला असेल तर मात्र घरी निघायच्या आधी, तिथेच.