उन्हाळा, मधुमेह आणि तळपाय : आपले अनुभव लिहा

गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस गच्चीवर कुरडया घालताना माझे दोन्ही तळपाय भाजले आणि ते मला संध्याकाळी, पाय धुताना सुटलेली कातडी हाताला लागली, तेव्हा कळले. मधुमेहाला त्या वेळी चौदा वर्षे झाली होती. वाळवणापाशी चपला घालून जायचे नाही, ही सासूबाईंची शिकवण अंगवळणी पडलेली. सकाळी नऊला वर गेले तेव्हा फरशी कोमट होती आणि साडेअकराला चीक संपवून उतरले तोवर ती किती तापली, हे माझ्या पायांनी मला सांगितलेच नाही. शेजारची मुलगी मदतीला आली आणि पहिल्याच पावलाला ‘काकू, चटका बसतो’ म्हणून मागे उडाली, तेव्हा मी तिला नाजूक ठरवून हसले होते. जखमा भरायला सात आठवडे लागले. ज्यांनी उन्हाळ्यात असे काही सोसले असेल, त्यातून काही बदलले असेल, त्यांनी येथे लिहावे. औषधांचे सल्ले मात्र नकोत, ते डॉक्टरांकडेच राहू द्यावेत.

अकोला, निवृत्त शिक्षक

ताई, आपली गच्ची आणि माझे देऊळ सारखेच. आमच्या ग्रामदैवताचे पटांगण काळ्या दगडाचे आहे आणि पाच प्रदक्षिणांचा माझा नेम होता. मे महिन्यात एका लग्नामुळे सकाळचा नेम चुकला, म्हणून दुपारी एकला गेलो. तिसऱ्या प्रदक्षिणेला लोक माझ्याकडे पाहत आहेत असे वाटले. ही भक्तीची वाहवा आहे असा माझा समज झाला. फोड आल्यावर मी त्यावर टूथपेस्ट लावली, हे लिहिताना शिक्षक असल्याची लाज वाटते. जखम चिघळली आणि डाव्या पायाची करंगळी गमवावी लागली. आता मी काकड आरतीलाच जातो आणि प्रदक्षिणा एकच घालतो.

सोलापूर, परिचारिका

पायांच्या तपासणीत आम्ही रुग्णाला डोळे मिटायला सांगून १० ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा बारीक धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवतो. तो टेकलेला कळला नाही, तर धोक्याची सूचना देणारी संवेदना गेली असे समजले जाते. मात्र त्याआधी मी एक साधा प्रश्न विचारते : चालताना चप्पल पायातून निसटली आणि चार पावले पुढे गेल्यावर ते लक्षात आले, असे कधी झाले आहे का? ‘हो, पण ती चप्पलच सैल होती’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकले आहे की आता सैल चपलेवर माझा विश्वास राहिलेला नाही. ६० अंशांपर्यंत तापलेला पृष्ठभाग सुमारे ५ सेकंदांत त्वचा खोलवर भाजू शकतो आणि भर दुपारचे डांबर याहूनही अधिक तापू शकते. शिवाय मधुमेहात घामाच्या नसाही मंदावतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात तळवा कोरडा पडून भेगाळतो. भेगांना खोबरेल किंवा मलम जरूर लावावे, पण बोटांच्या बेचक्यांत लावू नये, तेथे ओल धरते.

नागपूर

माझ्या तळपायांची आग दोन उन्हाळे ‘अंगातली उष्णता’ म्हणून गणली गेली. मेंदी लावली, तूप लावून काशाच्या वाटीने पाय घासले. वाटी काळी पडली की उष्णता निघाली म्हणायचे. रात्री पाय कुलरसमोर ठेवून झोपत असे. गंमत अशी की थंडीतही आग थांबली नाही, तेव्हा तपासणी झाली आणि नसांचा विकार निघाला. बरीच वर्षे मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेतल्याने बी-१२ जीवनसत्त्व सुद्धा कमी झाले होते. वाटीचा राग नाही, पण तिच्यापायी दोन वर्षे गेली.

यवतमाळ, शेतकरी

उन्हाळ्यात पऱ्हाटीची धसकटे वेचताना साधी स्लिपर काही कामाची नाही, हे तळव्यात धसकट शिरून आत मोडले तेव्हा पटले. बंद बूट घेतले, तर घामाने बोटांमध्ये चिखल्या झाल्या. शेवटी डॉक्टरांनी एमसीआर रबराची, मागे पट्टा असलेली चप्पल सांगितली. हे मऊ रबर कुष्ठरुग्णांच्या पादत्राणांसाठी वर्षानुवर्षे वापरले जाते, त्यामुळे गावात काहींनी माझ्या पायांकडे तिरके पाहिले आणि मीही महिनाभर ती चप्पल घरातच वापरली. आता रस्त्याला आणि घरात तीच असते, शेतात मात्र सुती मोजे आणि जाड तळाचे बूट. मापाबद्दल एक सांगतो : पादत्राण संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय सुजलेला असतो आणि सकाळी बरोबर बसणारा जोडा तेव्हा चावतो.

पुणे

माझा पाय भाजला नव्हता. उजवे पाऊल सुजले, लाल झाले, हाताला गरम लागू लागले, पण दुखत नव्हते, म्हणून ‘उन्हाने सुजले असेल’ असे सगळ्यांचे मत पडले आणि मी तीन आठवडे त्यावर चालत राहिले. डावे पाऊल मात्र गार होते, हे कोणाच्या लक्षात आले नाही. संवेदना गेलेल्या पायाची आतली हाडे ढासळत होती. याला शार्कोचे पाऊल म्हणतात. चार महिने प्लास्टर होते.

धागाकर्ती

सर्वांचे आभार. या वर्षी गच्चीसाठी कोरे, जाड तळाचे जोडे वेगळे ठेवले आहेत आणि सासूबाईंनी, थोड्या कुरबुरीनंतर, त्यांना सोवळ्यात घेतले आहे. रात्री मी तळव्यांखाली आरसा धरते आणि यजमान बॅटरी धरतात. परवा त्यांना माझ्या टाचेत वाळलेल्या कुरडईचा टोकदार तुकडा रुतलेला सापडला. मी दिवसभर त्यावर चालत होते.